जमिनीवर ट्रक, पाण्यात होडी : 'डक' घडवून आणणारे पामर पटनम यांची गोष्ट

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांच्या पावसाने नाग नदी फुगली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. लष्कराचे जवान आणि आपत्ती निवारणाची पथकं बोटी घेऊन धावली. जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना अशा वेळी ३० जुलै १९९१ चा मोवाड आठवतो. वर्धा नदीच्या पुराने त्या दिवशी या गावातल्या दोनशेहून अधिक लोकांचा जीव घेतला होता.

अशा प्रसंगी बचाव पथकांसमोर एक अडचण हमखास उभी राहते. ट्रक पाण्याच्या काठापर्यंत येतो आणि थांबतो. तिथे बोट उतरवायची, तिच्यात हवा भरायची, सामान चढवायचं आणि पलीकडे जायचं. परत येताना बोटीतली माणसं काठावर उतरवायची आणि पुन्हा दुसऱ्या वाहनात बसवायची. रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं, त्या काही फुटांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

हीच अडचण दुसऱ्या महायुद्धात अवाढव्य रूप घेऊन उभी राहिली होती. तिथे काही शे माणसांचा प्रश्न नव्हता, लाखो सैनिकांचं अन्न, इंधन आणि दारूगोळा जहाजातून किनाऱ्यावर उतरवायचा होता. त्यावर निघालेलं उत्तर म्हणजे 'डक' नावाचा पाण्यात पोहणारा ट्रक. आणि तो घडवून आणण्यामागे होते पामर कॉस्लेट पटनम.

गंमत म्हणजे पटनम ना लष्करी अधिकारी होते, ना जहाजबांधणीतले, ना ट्रक कंपनीतले. पवनऊर्जेच्या इतिहासात मात्र त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. जगातली पहिली एक मेगावॅटहून मोठी पवनचक्की त्यांच्याच कल्पनेतून उभी राहिली होती.

पुस्तकांच्या घरातला भूवैज्ञानिक

पटनम यांचा जन्म १९०० सालचा. घराणं न्यूयॉर्कमधलं प्रसिद्ध प्रकाशकांचं. वडील जॉर्ज हेवन पटनम हे 'जी. पी. पटनम्स सन्स' या नामांकित प्रकाशन संस्थेचे प्रमुख. आई एमिली जेम्स स्मिथ पटनम या बर्नार्ड कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयाच्या पहिल्या डीन. लग्नानंतरही त्यांनी पद सांभाळलं होतं, पण मूल होणार हे कळल्यावर १९०० मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. ते मूल म्हणजे पामर.

विमानाने जगप्रदक्षिणेला निघून बेपत्ता झालेल्या अमेलिया इअरहार्ट यांचे पती जॉर्ज पामर पटनम हे पामर यांचे चुलतभाऊ. म्हणजे घरात पुस्तकं होती, साहसी माणसांचा राबता होता आणि नावाला वजन होतं.

पामर मात्र वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये भूविज्ञान शिकलं आणि बेल्जियन काँगोसारख्या दूरच्या मुलखात सर्वेक्षणाची कामं केली. १९३० मध्ये वडील गेल्यावर काही काळ त्यांनी प्रकाशन संस्थेची धुराही सांभाळली. पण पुस्तकांच्या धंद्यात ते फार रमले नाहीत.

विजेच्या बिलातून सुचलेली पवनचक्की

१९३४ मध्ये पटनम यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॉड इथे घर बांधलं. तिथे दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. एक म्हणजे वारा खूप, आणि दुसरी म्हणजे विजेचं बिलही खूप.

कुणीही दुसरा माणूस छपरावर छोटी पवनचक्की बसवून मोकळा झाला असता. त्या काळी अमेरिकेतल्या शेतांवर बॅटरी भरणाऱ्या लहान पवनचक्क्या सर्रास दिसत. पटनम यांनी हिशेब मांडला तो उलट्या दिशेने. वारा कधी वाहतो, कधी पडतो. मग वीज बॅटरीत साठवण्यापेक्षा थेट कंपनीच्या तारांमध्येच का सोडू नये? वारा असेल तेव्हा पवनचक्की वीज देईल आणि तेवढा वेळ धरणातलं पाणी वाचेल. वारा पडला की ते वाचलेलं पाणी वापरायचं.

आज आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या वीज थेट ग्रीडला देतात, यात कुणाला नवल वाटत नाही. १९३० च्या दशकात ही कल्पना वेडेपणाची वाटत होती. पटनम यांनी ती एकट्याने रेटली नाही, त्या त्या विषयातली मोठी माणसं गाठली. एमआयटीचे व्हॅनेव्हर बुश यांनी पाठिंबा दिला. हवेच्या प्रवाहाचे जगद्विख्यात अभ्यासक थिओडोर फॉन कारमान सल्लागार झाले. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क शहरातली एस. मॉर्गन स्मिथ ही पाण्यावर चालणारी टर्बाइन्स बनवणारी कंपनी पैसे घालायला तयार झाली.

व्हरमाँट राज्यात 'ग्रँडपाज नॉब' नावाची टेकडी आहे. तिच्यावर सुमारे १२० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. पात्यांचा घेर १७५ फूट, म्हणजे ५३ मीटरहून जास्त. पाती दोनच, पण प्रत्येकी सुमारे आठ टन वजनाची. क्षमता १.२५ मेगावॅट. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी या यंत्राने वीज कंपनीच्या जाळ्याला वीज दिली. इतकी मोठी पवनचक्की जगात याआधी झाली नव्हती.

पण सात आठवड्यांतच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली.

जहाजापासून किनाऱ्यापर्यंतचा शेवटचा मैल

पटनम यांना पाठिंबा देणारे व्हॅनेव्हर बुश आता अमेरिकेच्या युद्धकालीन वैज्ञानिक संशोधनाचे प्रमुख झाले होते. विज्ञान आणि कारखाने यांची गाठ घालून देणारी माणसं त्यांना हवी होती. पटनम यांच्याकडे तेच कसब होतं. ते बुश यांच्या कार्यालयात कामाला लागले.

त्यांच्यासमोर आलेला प्रश्न असा होता. शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं तर बंदर मिळणार नाही. बंदरं शत्रूच्या हातात असतात, किंवा तो ती उद्ध्वस्त करून जातो. मग मोठी जहाजं खोल पाण्यात उभी राहणार. तिथून लहान होड्यांत माल भरायचा, होडी वाळूला लागली की माल उतरवायचा, तो किनाऱ्यावर रचून ठेवायचा, मग ट्रकमध्ये चढवायचा आणि पुढे न्यायचा. एकेक खोकं चार चार वेळा उचलावं लागणार. तेही भर समुद्राच्या लाटांत, मऊ वाळूत आणि वरून बॉम्ब पडत असताना.

किनाऱ्यावर रचलेला माल हे शत्रूच्या विमानांना आयतं लक्ष्य. तो लवकर हलला नाही तर आत गेलेल्या सैनिकांच्या बंदुका रिकाम्या पडणार. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हमालीचा नव्हता.

पटनम यांचा उपाय ऐकायला सोपा होता. होडी आणि ट्रक अशी दोन वाहनं ठेवायचीच कशाला? जहाजाच्या कडेला माल भरेल आणि थेट गोदामात जाऊन रिता होईल असं एकच वाहन बनवायचं.

सगळं जुनं, एकत्र करणं नवं

पाण्यात चालणारी गाडी ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. जीपला होडीचं अंग चढवून फोर्ड कंपनीने पाण्यात चालणारी जीप बनवली होती. पण ती वजनाला भारी झाली आणि तिचा काठ पाण्यापासून फारसा वर राहीना. शांत नदीत ठीक, पण समुद्राच्या लाटांत ती भरून बुडायची. लष्करातल्या अनेकांचा पोहणाऱ्या गाड्यांवरचा विश्वास त्यामुळे उडाला.

पटनम यांनी मात्र मोठा विचार केला. १९४२ च्या वसंतात ते जनरल मोटर्सकडे गेले. या कंपनीचा सहा चाकांचा, सहाही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा अडीच टनी ट्रक सैन्यात सगळीकडे वापरला जात होता. त्याचं इंजिन, गिअर, आस, चाकं सगळं पारखलेलं होतं. सुटे भाग मुबलक होते आणि तो दुरुस्त करणारे मेकॅनिक प्रत्येक तुकडीत होते. पटनम यांनी ठरवलं की यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही. हाच ट्रक घ्यायचा आणि त्याला होडीचं अंग द्यायचं.

होडीचं अंग आखायला त्यांनी न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या शिडाच्या नौकांचे आराखडे करणाऱ्या संस्थेतले रॉड स्टीफन्स यांना आणलं. स्टीफन्स शर्यतीच्या नौकांमधले नावाजलेले जाणकार होते. नौकेच्या पोटात हवा जावी पण लाटेचं पाणी जाऊ नये, असे बारकावे त्यांना तोंडपाठ होते. ट्रकच्या इंजिनलाही नेमकं हेच हवं होतं. एमआयटीतून आलेले फ्रँक स्पीर आणि समुद्रप्रवासात मुरलेले डेनिस पुलेस्टन हेही या गटात होते.

काही आठवड्यांतच पहिला नमुना तयार झाला. त्याची रचना थोडक्यात अशी होती :

लांबी ३१ फूट, रिकाम्या गाडीचं वजन सुमारे साडेसहा टन, माल अडीच टन किंवा सैनिक पंचवीस. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग, पाण्यात जेमतेम ताशी १० किलोमीटर. मागच्या बाजूला तळाखाली एक खोबण आणि तिच्यात पाणी मागे लोटणारा प्रोपेलर. त्याच्यामागे सुकाणू. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवायचा तेव्हा पुढची चाकं आणि सुकाणू दोन्ही बरोबर वळायची. आत शिरलेलं पाणी बाहेर फेकायला जोरदार पंप होते.

सगळ्यात उपयोगाची युक्ती टायरांमध्ये होती. मऊ वाळूत टायर रुततो, कारण तो कडक असतो. हवा कमी केली तर तो पसरतो आणि वाळूवर तरून जातो. पण डांबरी रस्त्यावर तसाच पळवला तर फाटतो. म्हणून ड्रायव्हरला आपल्या जागेवरून, गाडी चालू असतानाच टायरमधली हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय केली गेली. पाण्यातून वर येताना हवा कमी करायची आणि रस्ता लागला की पुन्हा भरायची.

जनरल मोटर्सच्या सांकेतिक अक्षरांवरून या वाहनाला डी-यू-के-डब्ल्यू असं नाव मिळालं. डी म्हणजे १९४२ सालचा आराखडा, यू म्हणजे पाण्यात चालणारं, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागे ताकदीच्या दोन आस. सैनिकांनी त्याचं सरळ 'डक' करून टाकलं. डक म्हणजे बदक. जमिनीवर चालणाऱ्या आणि पाण्यात पोहणाऱ्या वाहनाला याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

वादळाने दिलेलं प्रमाणपत्र

वाहन तयार होतं, काही हजारांची मागणीही नोंदली गेली होती, पण लष्करातल्या वरिष्ठांच्या मनातली शंका जात नव्हती. नेव्हीला वाटे हा ट्रक आहे आणि आर्मीला वाटे ही होडी आहे. दोघांनाही तो आपला वाटत नव्हता.

डिसेंबर १९४२ च्या सुरुवातीला केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन इथे डकचं प्रात्यक्षिक ठरलं होतं. त्याच सुमारास तिथे जोराचं वादळ आलं आणि तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वाळूच्या दांड्यावर जाऊन अडकली. तिच्यावर सात माणसं होती. लाटा इतक्या मोठ्या होत्या की नेहमीच्या बचाव होड्यांना तिथवर पोचणं जमेना. पटनम यांच्या गटाने प्रात्यक्षिकासाठी आणलेला डक किनाऱ्यावरून सरळ समुद्रात घातला, सातही जणांना उचललं आणि काही मिनिटांत परत आणलं.

ही बातमी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेली. त्यानंतर डकला नावं ठेवणारे आवाज बरेच खाली आले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर शेकडो डक उतरले आणि जहाजातला माल थेट आघाडीजवळ पोचवू लागले. पुढे पॅसिफिकमधली बेटं, नॉर्मंडी, ऱ्हाइन नदी आणि ब्रह्मदेशाची मोहीम अशा सगळ्या ठिकाणी ते दिसले. युद्ध संपेपर्यंत २१ हजारांहून जास्त डक तयार झाले होते.

नॉर्मंडीत तर त्यांचं मोल फारच वाढलं. तिथे दोस्तांनी समुद्रात कृत्रिम बंदरं उभारली होती. त्यातलं ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकी बंदर जूनमधल्या वादळाने मोडून पडलं. बंदर मोडलं तरी डकच्या फेऱ्या चालूच राहिल्या. त्यांना बंदर लागतच नव्हतं.

अडीच टनांची लक्ष्मणरेषा आणि ट्रेलरचं कोडं

पण याच ओमाहा किनाऱ्यावर डकची मर्यादाही दिसून आली. ६ जून १९४४ च्या सकाळी १११ व्या फील्ड आर्टिलरी बटालियनच्या तोफा डकमध्ये चढवून समुद्रात सोडल्या होत्या. तोफेचंच वजन सव्वादोन टनांच्या आसपास. त्यात गोलंदाज, गोळे आणि संरक्षणासाठी वाळूची पोती. खवळलेल्या समुद्रात हे डक भरून बुडाले. बटालियनच्या बारापैकी अकरा तोफा गेल्या.

कारण साधं होतं. डक जास्त भरला की त्याचा काठ पाण्याच्या जवळ येतो, आणि मग एक मोठी लाट पुरेशी होते. ट्रकवर जमिनीवर थोडा जास्त माल घातला तर पाटे करकरतात, पण गाडी चालते. पाण्यात ती मुभा नसते.

मग प्रत्येक फेरीत जास्त माल न्यायचा कसा? जमिनीवर याचं उत्तर विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. ट्रॅक्टरच्या पाठीवर पोती रचत नाहीत, मागे ट्रॉली जोडतात. कळमन्याच्या बाजारात संत्री अशीच येतात. डकलाही मागे आकडा होता आणि रस्त्यावर तो गाडा ओढू शकत होता. म्हणून पाण्यात तरंगतील आणि जमिनीवर चाकांवर धावतील असे खास ट्रेलर उभयचर ट्रकांसाठी आखले गेले. वजन डकच्या पोटात घालण्याऐवजी त्याच्या मागे घ्यायचं, हा त्यामागचा विचार.

ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट किती अवघड होती, हे ट्रॉलीवरूनच समजून घेता येईल.

पहिलं म्हणजे ट्रॉलीचा हौदा गळका असला तरी शेतात चालतो. पाण्यातल्या ट्रेलरचं अंग मात्र होडीसारखं बंद आणि रुंद हवं, नाहीतर तो लाटेत कलंडणार.

दुसरी अडचण जोडाची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकाच जमिनीवर चालतात. पाण्यात लाट आधी ट्रकला उचलते आणि मग ट्रेलरला. एक वर जात असताना दुसरा खाली येतो. मधला जोड ताठ असेल तर ट्रेलर ट्रकचा मागचा भाग खाली दाबेल, आणि काठावरून पाणी आत येईल. जोड फारच सैल असेल तर ट्रेलर मागून धडका देत राहील.

तिसरी अडचण प्रोपेलरची. तो डकच्या मागेच असतो आणि पाणी मागे फेकतो. ते पाणी सरळ ट्रेलरच्या तोंडावर आदळणार. आधीच ताशी १० किलोमीटरचा वेग, तोही घटणार. सुकाणूही मागेच, त्यामुळे प्रवाहात आडवा जाणारा ट्रेलर गाडीला वळू देणार नाही.

सगळ्यात कठीण क्षण किनाऱ्यावर चढतानाचा. डकची चाकं वाळूला लागलेली असतात, पण ट्रेलर अजून तरंगत असतो आणि लाटा त्याला बाजूला ढकलत असतात. पुढच्याच क्षणी ट्रेलरही जमिनीला टेकतो आणि आतापर्यंत पाण्याने पेललेलं त्याचं सगळं वजन एकदम डकच्या आकड्यावर येतं. तेही डक सगळ्यात मऊ वाळूत असताना.

म्हणजे पटनम यांनी होडी आणि ट्रक यांच्यामधला जोड काढून टाकून प्रश्न सोडवला होता, आणि ट्रेलर लावला की नवा जोड पुन्हा मध्ये येत होता. माल वाढवायचा तर तेवढी किंमत मोजावी लागणार होती.

जोडापाशीच तुटलं

इकडे डकच्या हजारो फेऱ्या चालू होत्या तेव्हा व्हरमाँटच्या टेकडीवर पटनम यांची पवनचक्की गप्प उभी होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचं मुख्य बेअरिंग निकामी झालं. युद्धामुळे कारखान्यांना लष्करी कामातून सवड नव्हती. एका बेअरिंगसाठी दोन वर्षं थांबावं लागलं. ज्या युद्धाने डकला काही आठवड्यांत जन्म दिला, त्याच युद्धाने पवनचक्कीला ताटकळत ठेवलं.

आणखी एक काळजी होती. पाती जिथे मधल्या भागाला जोडलेली होती, तिथला सांगाडा जितका हवा तितका मजबूत नाही हे गणितातून कळलं होतं. तिथे बारीक तडेही दिसले आणि ते वेल्डिंग करून बुजवले गेले. नवी पाती करायची तर पुन्हा काही वर्षं गेली असती. म्हणून जोखीम पत्करून यंत्र चालवायचं ठरलं.

मार्च १९४५ च्या सुरुवातीला पवनचक्की पुन्हा फिरू लागली. २६ मार्चच्या पहाटे एक पातं बुंध्यापाशीच तुटलं आणि सुमारे ७५० फूट दूर जाऊन पडलं. मनोऱ्यावर तेव्हा एक कामगार होता. उरलेलं एकच पातं फिरत असताना मनोरा हादरत होता, त्यातही त्याने यंत्र थांबवलं. कुणालाही इजा झाली नाही.

पातं पुन्हा बनवता आलं असतं. पण कंपनीने हिशेब केला. अशा पवनचक्क्या रांगेने उभारल्या तर एका किलोवॅटला सुमारे १९० डॉलर खर्च येणार होता. वीज कंपनीला परवडेल असा आकडा १२५ डॉलर होता. लाखो डॉलर खर्चून झालेली एस. मॉर्गन स्मिथ कंपनी शांतपणे बाजूला झाली.

पटनम यांनी अपयश लपवलं नाही. १९४८ मध्ये त्यांनी 'पॉवर फ्रॉम द विंड' हे पुस्तक लिहिलं आणि वाऱ्याची मोजणी, पात्यांचे आराखडे, खर्चाचे आकडे आणि झालेल्या चुका सगळं त्यात मांडलं. १९५३ मध्ये 'एनर्जी इन द फ्युचर' या पुस्तकात त्यांनी जगाला पुढच्या शंभर वर्षांत किती ऊर्जा लागेल याचा अंदाज बांधला. ते काम अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगासाठी केलेलं होतं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जग पुन्हा वाऱ्याकडे वळलं, तेव्हा अभियंत्यांनी धूळ झटकून उघडलं ते याच पुस्तकाला. त्यांच्या यंत्राएवढी मोठी पवनचक्की पुन्हा उभी राहायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. ते बघायला पटनम हयात होते. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

नागपूरच्या पुरापर्यंत

युद्धानंतर डक सैन्यातून हळूहळू निवृत्त झाले. अनेक देशांत ते पुराच्या बचावकार्यात वापरले गेले, आणि काही शहरांत पर्यटकांना फिरवू लागले. पण पर्यटनाच्या या वापरात अपघातही झाले. काही ठिकाणी माणसं दगावली ती वरच्या छतामुळे बुडताना बाहेर पडता न आल्यामुळे. ओमाहाच्या किनाऱ्यावर दिसलेली मर्यादा शांत तलावातही तशीच होती.

नागपूरमध्ये १९५७ मध्ये नागरी संरक्षणाच्या राष्ट्रीय महाविद्यालयाची सुरुवात झाली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही याच शहरात आहे. देशभरातली माणसं पुरातून लोकांना कसं काढायचं हे शिकायला इथे येतात. तिथे येणाऱ्यांसमोरही प्रश्न तोच असतो. बोट पाण्यात चांगली आहे, ट्रक रस्त्यावर चांगला आहे, पण रस्ता आणि पाणी जिथे भेटतात तिथे माणूस आणि सामान किती वेळा उचलावं लागणार? बोट ट्रेलरवर तयार असेल का? ट्रेलर चिखलात किती आत जाईल? ठरलेल्या वजनापेक्षा चार माणसं जास्त चढली तर बोटीचा काठ किती उरेल?

पटनम यांच्या आयुष्यात यश आणि अपयश दोन्ही अशाच जोडांवर ठरलं. ट्रक आणि होडी यांच्यामधला जोड त्यांनी नाहीसा केला, त्यामुळे बंदर नसतानाही सैन्याला रसद पोचत राहिली. पवनचक्कीच्या पात्याचा जोड कमजोर आहे हे कळूनही वेळेअभावी तो तसाच राहिला, आणि तिथेच ती मोडली. पुराच्या रात्री बोट पाण्यात उतरवण्याआधी तिचा आकडा, तिचा काठ आणि तिच्यावरचं वजन तपासणारा माणूस त्या टेकडीवरचाच धडा गिरवत असतो, त्याला पटनम हे नाव माहीत असो वा नसो.